नॅसचा क्लाउड बॅकअप फेल होतोय? राउटर बंद-चालू करण्याआधी लॉग उघडा

समजा, तुमचा फोटो स्टुडिओ आहे. गेल्या सहा वर्षांतली लग्नं, मुंजी, बारशी असं सगळं मिळून चार टीबीचं काम ऑफिसातल्या एका छोट्या डब्यात साठवलंय. आत दोन हार्ड डिस्क, डबा दिवसरात्र चालू. रोज रात्री दोन वाजता त्यातला नवा डेटा आपोआप क्लाउडवर जातो, निदान सेटिंग तरी तसं केलेलं आहे. आणि एक दिवस सकाळी ईमेल येतो: 'बॅकअप टास्क फेल्ड'.

अशा वेळी बहुतेक जण दोनपैकी एक गोष्ट करतात. 'आज रात्री होईल' म्हणून ईमेल सोडून देतात, नाहीतर राउटर बंद करून पुन्हा चालू करतात. दुसऱ्या उपायाने कधीकधी काम होतंही. पण का बिघडलं होतं ते कळत नाही, आणि महिन्याभराने तोच ईमेल पुन्हा येतो. किंवा येतच नाही, जे जास्त वाईट आहे. ते का, ते पुढे बघू.

हा डबा म्हणजे नॅस, अर्थात नेटवर्कला जोडलेलं स्टोरेज. सिनॉलॉजी आणि क्यूनॅप या तैवानच्या कंपन्यांची नॅस आपल्याकडे बऱ्याच ऑफिसांत दिसतात. सीए, डॉक्टर, आर्किटेक्ट, छोटे प्रकाशक, व्हिडिओ एडिटर असे अनेक जण ती वापरतात. एका डिस्कवरचा डेटा दुसऱ्या डिस्कवरही लिहिला जात असल्यामुळे एक डिस्क गेली तरी काम थांबत नाही. या सोयीला रेड म्हणतात, आणि 'रेड आहे म्हणजे बॅकअप आहे' हा या क्षेत्रातला सर्वांत महाग पडणारा गैरसमज आहे. चुकून डिलीट केलेली फाइल दोन्ही डिस्कवरून एकाच क्षणी जाते. डबा चोरीला गेला, पाण्यात गेला किंवा व्होल्टेजने जळाला तर दोन्ही डिस्क सोबतच जातात. जून २०२१मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या 'माय बुक लाइव्ह' या जुन्या उपकरणांवर हल्ला झाला आणि जगभरातल्या अनेकांना आपला डबा परस्पर रिकामा झालेला दिसला. या उपकरणांचं शेवटचं सॉफ्टवेअर अपडेट २०१५ सालचं होतं.

म्हणून तिसरी प्रत बाहेर, म्हणजे क्लाउडवर. ती जायची थांबली असेल तर काय तपासायचं आणि कोणत्या क्रमाने, ते आता पाहू.

दुरुस्तीला हात लावण्याआधी

एक यूएसबी हार्ड डिस्क आणा, नॅसला लावा आणि सर्वांत महत्त्वाचे फोल्डर तिच्यावर कॉपी करा. ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात. क्लाउड बॅकअप बंद आहे याचा अर्थ आत्ता या क्षणी तुमच्या ताज्या कामाची बाहेर एकही प्रत नाही. दुरुस्तीला एक दिवस लागेल की दहा, हे अजून माहीत नाही. शिवाय दुरुस्ती करताना माणूस घाईत असतो आणि घाईत चुकीचं बटण दाबलं जातं.

त्या चुकीच्या बटणांपैकी सगळ्यांत मोहाचं म्हणजे जुना टास्क डिलीट करून नवा बनवणं. हे टाळा. नवा टास्क म्हणजे नव्याने पहिल्यापासून अपलोड, आणि अनेकदा फाइलींच्या जुन्या आवृत्त्यांवरही पाणी. सिनॉलॉजीच्या हायपर बॅकअपमध्ये टास्क हरवला किंवा नॅस बदललं तरी क्लाउडवरच्या आधीच्या बॅकअपला पुन्हा जोडून घ्यायची सोय असते. इतर सॉफ्टवेअरमध्ये अशी सोय आहे का, ते डिलीट करण्याआधी शोधा.

लॉगमध्ये नेमकं काय बघायचं?

नॅसच्या बॅकअप ॲपमध्ये लॉग नावाचं पान असतं. सिनॉलॉजीत हायपर बॅकअप, क्यूनॅपमध्ये हायब्रिड बॅकअप सिंक. ते उघडून खालील दोनच गोष्टी कागदावर लिहा.

पहिली, शेवटचा यशस्वी बॅकअप कोणत्या तारखेचा आहे. दुसरी, त्यानंतरची पहिली एरर कोणती. शेवटची एरर नव्हे, पहिली. बिघाड झाल्यावर बॅकअप रोज रात्री पुन्हा प्रयत्न करतो आणि लॉग 'टास्क फेल्ड', 'रिट्राय फेल्ड' अशा सारख्या ओळींनी भरून जातो. खरं कारण त्या ढिगाच्या तळाशी असतं.

मग स्वतःला विचारा, त्या तारखेच्या आसपास काय बदललं? पासवर्ड? इंटरनेट कंपनी? नॅसचं अपडेट? क्रेडिट कार्ड? एखादा कर्मचारी सोडून गेला का? बॅकअप हे एरवी अत्यंत कंटाळवाणं काम आहे, रोज तेच. कंटाळवाणं काम अचानक बिघडलं तर बहुतेक वेळा भोवतालचं काहीतरी बदललेलं असतं.

एररसोबत अनेकदा तीन आकडी नंबर असतो. ४०१ म्हणजे समोरच्या सर्व्हरने तुम्हाला ओळखलं नाही. ४०३ म्हणजे परवानगी नाकारली. ४२९ म्हणजे तुम्ही फार वेगाने मागण्या करताय, जरा थांबा. ५०३ म्हणजे सर्व्हर सध्या सेवा देऊ शकत नाही, आणि हे बरेचदा आपोआप सुटतं. ५०७ म्हणजे जागा संपली. नंबर उपयोगी आहे, पण फक्त नंबरावर विसंबू नका, शेजारचे शब्दही वाचा. याचं एक उदाहरण घड्याळाच्या भागात येईल.

किल्ली बदलली, नॅसला कुणी सांगितलं नाही

नॅस क्लाउडमध्ये शिरतं ते तुमचा पासवर्ड रोज टाइप करून नव्हे. गूगल ड्राइव्ह, वनड्राइव्ह, ड्रॉपबॉक्स यांच्या बाबतीत तुम्ही एकदा परवानगी देता आणि नॅसला एक टोकन मिळतं. ॲमेझॉन एस३ किंवा बॅकब्लेझ बी२सारख्या सेवांत किल्ल्यांची एक जोडी मिळते.

हे टोकन कायमचं नसतं. काही सेवांत पासवर्ड बदलला की ते रद्द होतं. गूगलचं टोकन सहा महिने वापरलंच नाही तरी बाद होतं. आणि एक फार मानवी कारण असतं. कुणीतरी अकाउंटच्या सुरक्षा पानावर जातं, यादीत एक अनोळखी नाव दिसतं, 'हे काय आहे बुवा?' म्हणत काढून टाकतं. ते तुमचं नॅसच असतं. उपाय सोपा आहे, बॅकअप ॲपमध्ये जाऊन पुन्हा लॉगिन करून परवानगी द्यायची. टास्क तोच ठेवायचा.

छोट्या ऑफिसात यापेक्षा अवघड प्रकार असतो. बॅकअप ज्या अकाउंटमध्ये जातोय ते अकाउंटच मुळात कुणाचं, हे कुणाला माहीत नसतं. तीन वर्षांपूर्वी ज्याने सगळं बसवून दिलं त्याने स्वतःच्या जीमेलवर नोंदणी केली, आणि तो आता दुसऱ्या शहरात नोकरीला आहे. अशा वेळी त्याला फोन करून अकाउंट ताब्यात घेण्यावाचून मार्ग नसतो. नवीन अकाउंट ऑफिसच्या ईमेलवर काढा आणि किमान दोघांकडे त्याचा ताबा ठेवा.

पैसे कापले गेले नाहीत

हे कारण परदेशी लेखांत क्वचित सापडतं, पण भारतात ते खरं आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२१पासून कार्डावरून दर महिन्याला आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमेसाठी ग्राहकाने आधी मँडेट नोंदवावं लागतं, आणि ठरावीक मर्यादेवरच्या रकमेला दर वेळी ओटीपीसारखी जादा खातरजमा लागते. ही मर्यादा आधी ५,००० रुपये होती, जून २०२२मध्ये ती १५,००० झाली. हा नियम लागू झाला तेव्हा कितीतरी परदेशी सेवांची बिलं भारतीय कार्डांवरून कापली जाणं बंद झालं.

क्लाउड स्टोरेजचं बिल महिन्याला काही डॉलर असतं, त्यामुळे न कापल्याचं लक्षातही येत नाही. कार्डाची मुदत संपली, नवीन कार्ड आलं, जुनं मँडेट गेलं असंही होतं. कंपनी काही दिवस ईमेल पाठवते, ते प्रमोशन्सच्या टॅबमध्ये जाऊन बसतात, आणि मग अकाउंट थांबवलं जातं. नॅसच्या लॉगमध्ये यातलं काहीही दिसत नाही. तिथे फक्त परवानगी नाकारल्याची ओळ असते. त्यामुळे ४०३ दिसला की आधी ब्राउझरमधून क्लाउडच्या अकाउंटमध्ये लॉगिन करून बिलाचं पान बघा. बॅकब्लेझ बी२मध्ये तर तुम्ही स्वतःच खर्चाची किंवा वापराची कमाल मर्यादा घालून ठेवलेली असू शकते. ती ओलांडली की बॅकअप थांबतो, पैसे भरलेले असले तरी.

घड्याळ साडेपाच तास चुकलंय

बॅकअप फेल होण्याचा आणि घड्याळाचा काय संबंध, असं वाटेल. पण ॲमेझॉन एस३ला पाठवलेल्या प्रत्येक मागणीवर वेळेची मोहोर असते. नॅसचं घड्याळ आणि ॲमेझॉनचं घड्याळ यांत १५ मिनिटांपेक्षा जास्त फरक असेल तर ती मागणी फेटाळली जाते. जुनी मागणी चोरून कुणी पुन्हा वापरू नये म्हणून ही खबरदारी. आणि हे फेटाळणं ४०३ याच नंबराने होतं. माणूस किल्ल्या बदलत बसतो, बिल तपासत बसतो, आणि दोष घड्याळाचा असतो. शेजारचे शब्द वाचा म्हटलं ते यासाठी. 'टाइम टू स्क्यूड' असं लिहिलेलं असेल तर किल्ल्यांना हात लावू नका.

इथे एक खास आपल्याकडची गंमत आहे. ही मोहोर जागतिक प्रमाणवेळेत असते, भारतीय वेळेत नाही. नॅसचा टाइम झोन चुकून लंडनचा राहिलेला असतो आणि कुणीतरी पडद्यावरची वेळ हाताने भारतीय वेळेशी जुळवतं. आता पडद्यावर वेळ अगदी बरोबर दिसते. आतमध्ये मात्र घड्याळ साडेपाच तास पुढे असतं. त्यामुळे नुसती वेळ बघू नका, टाइम झोन कोलकात्याचा आहे ना आणि वेळ इंटरनेटवरून आपोआप जुळवायचा पर्याय चालू आहे ना, हे दोन्ही बघा. वारंवार वीज जाणाऱ्या ठिकाणी नॅस दर वेळी जुनीच तारीख घेऊन उठत असेल, तर आतली छोटी नाण्यासारखी बॅटरी संपलेली असण्याची शक्यता आहे.

जागा संपली, पण कुठली?

जागा दोन ठिकाणी संपू शकते. क्लाउडवर संपते हे सगळ्यांना सुचतं. गूगलची फुकट १५ जीबी जागा जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज यांच्यात वाटलेली असते, त्यामुळे नॅसने एकही जादा फाइल पाठवली नाही तरी घरातल्या कुणाच्या फोनवरच्या व्हिडिओंमुळे ती भरू शकते. कॉलेजच्या अकाउंटवर बॅकअप ठेवणाऱ्यांनाही हा फटका बसला आहे. शैक्षणिक संस्थांना गूगल आधी अमर्याद जागा देत असे. जुलै २०२२पासून संपूर्ण संस्थेला मिळून १०० टीबी, अशी सामाईक मर्यादा आली. मग संस्थांनी विद्यार्थ्यांच्या आणि माजी विद्यार्थ्यांच्या जागेला कात्री लावायला सुरुवात केली.

दुसरी जागा स्वतः नॅसवरची. काय पाठवलं आणि काय राहिलं याची नोंद ठेवायला आणि अपलोडआधी तुकडे करायला बॅकअप ॲपला नॅसवर थोडी मोकळी जागा लागते. डबा ९८-९९ टक्के भरला असेल तर क्लाउडवर एक टीबी रिकामी असूनही बॅकअप पडू शकतो.

आता सगळ्यांत महत्त्वाची सूचना. जागा संपली असं दिसलं की लगेच जास्तीची जागा विकत घेऊ नका. आधी विचारा, अचानक इतका डेटा आला कुठून? रोज पाच जीबी जायचे आणि काल रात्री एकदम पाचशे जीबी जायला निघाले, याची साधी कारणं असू शकतात. कुणी मोठ्या फोल्डरचं नाव बदललं की काही सॉफ्टवेअर सगळं नवीन समजून पुन्हा पाठवतात. पण एक कारण साधं नाही. जानेवारी २०२२मध्ये 'डेडबोल्ट' नावाच्या रॅन्समवेअरने इंटरनेटला थेट उघडी असलेली क्यूनॅप उपकरणं गाठली. फाइली कुलूपबंद केल्या, नावांपुढे स्वतःचं शेपूट जोडलं आणि प्रत्येकाकडे ०.०३ बिटकॉइन मागितले. अशा हल्ल्यात प्रत्येक फाइल बदलते, म्हणजे बॅकअपच्या दृष्टीने प्रत्येक फाइल 'नवीन' असते. मग तो इमानदारीने कुलूपबंद फाइली वर पाठवायला लागतो आणि जागा करण्यासाठी जुन्या, चांगल्या आवृत्त्या पुसायला लागतो.

अशा वेळी जागा कमी पडून बॅकअप फेल झाला हे तुमचं नशीब असतं. नॅसवरच्या चार-पाच फाइली उघडून बघा. उघडत नसतील तर बॅकअप टास्क थांबवा, नॅसची नेटवर्क केबल काढा, आणि मगच पुढचा विचार करा.

हाच धोका सिंकमध्ये जास्त असतो. सिंक म्हणजे इथे जे आहे ते जसंच्या तसं तिथे. इथे फाइल पुसली की तिथेही पुसली जाते. बॅकअप म्हणजे तारखेनुसार जपलेल्या आवृत्त्या. सिनॉलॉजीत क्लाउड सिंक आणि हायपर बॅकअप ही दोन वेगळी ॲप आहेत, ती याच कारणाने. तुमच्या डब्यात यांपैकी नक्की काय चालू आहे, हे आज बघून घ्या.

इंटरनेट चालू आहे, मग अपलोड का पडतं?

आधी थोडं गणित. एक टीबी डेटा २० एमबीपीएस अपलोड वेगाने पाठवायला, मध्ये काहीही अडथळा आला नाही तर, साधारण साडेचार दिवस लागतात. चार टीबीला साडेअठरा दिवस. म्हणजे आपल्या फोटोवाल्याचा पहिला बॅकअप 'रात्री दोन ते सकाळी आठ' अशा वेळापत्रकात बसवला तर तो अडीच महिने चालेल. अनेकांचा पहिला बॅकअप याच कारणाने कधी पूर्णच झालेला नसतो, आणि तो फेल झाला असं त्यांना वाटतं. पहिल्या बॅकअपला वेळेचं बंधन घालू नका. जमल्यास आधी फक्त महत्त्वाचे फोल्डर पाठवा आणि मग एकेक वाढवत न्या.

डाउनलोडचा वेग आणि अपलोडचा वेग वेगळा असू शकतो, जाहिरातीत बहुधा पहिला असतो. 'अनलिमिटेड' फायबर योजनेच्या बारीक अक्षरांत महिन्याची मर्यादा असते, आपल्याकडे बऱ्याच योजनांत ती ३.३ टीबी आहे. ती संपली की वेग इतका घसरतो की बॅकअप वेळ संपल्याची एरर देऊन पडतो. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातच बॅकअप पडत असेल तर इथे बघा. उलट बाजूने, अपलोडचा वेग १०० एमबीपीएस असेल आणि बॅकअप गूगल ड्राइव्हवर असेल, तर सोळा-सतरा तासांत गूगलची मर्यादा आडवी येते. एका अकाउंटमधून २४ तासांत ७५० जीबीच चढवता येतात. यात बिघाड काही नाही, दुसऱ्या दिवशी गाडी पुढे सरकते.

एक विचित्र लक्षण असतं. लॉगिन होतं, छोट्या फाइली जातात, मोठ्या फाइली मात्र दर वेळी अडकतात. अशा वेळी नॅसच्या नेटवर्क सेटिंगमध्ये एमटीयू नावाचा आकडा बघा. एका वेळी पाठवायच्या पाकिटाचा तो आकार असतो. नेहमीचा आकडा १५००. लॉगिन-पासवर्ड टाकून चालणाऱ्या पीपीपीओई जोडणीत रस्ता १४९२चाच असतो. कुणी वेग वाढेल म्हणून नॅसवर 'जंबो फ्रेम' चालू करून ९००० केला असेल तर मोठी पाकिटं वाटेत हरवू शकतात. तो पुन्हा १५०० करून बघा, नाहीच जमलं तर १४९२.

आणि सीजीनॅट? घरच्या इंटरनेटला स्वतंत्र पत्ता नसतो म्हणून बॅकअप जात नाही, असं दुकानदार छातीठोकपणे सांगतात. बाहेरून नॅसपर्यंत पोहोचायला त्याची अडचण होते, हे खरं. पण बॅकअपमध्ये नॅस स्वतः बाहेर पडून क्लाउडकडे जातं. त्याला सीजीनॅट आडवं येत नाही. त्यासाठी राउटरवर पोर्ट उघडायचा सल्ला कुणी दिला तर तो मानू नका. डेडबोल्टसारखे पाहुणे त्याच दारातून येतात.

मराठी नावांच्या फाइली

आपल्या वाचकांसाठी हा भाग महत्त्वाचा. संगणक फाइलच्या नावाची लांबी अक्षरांत नव्हे, बाइटमध्ये मोजतो. इंग्रजी अक्षर एक बाइट खातं, देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह तीन. आणि चिन्ह म्हणजे काना, मात्रा, वेलांटी, पाय मोडणारं हलन्त हेही प्रत्येकी स्वतंत्र धरायचं. 'विवाहसोहळा' हा शब्द डोळ्यांना सहा अक्षरांचा दिसतो. संगणकाला ती दहा चिन्हं आहेत, म्हणजे तीस बाइट.

नॅसवर एका नावाची मर्यादा साधारण २५५ बाइट असते, म्हणजे देवनागरीतली ८५ चिन्हं. सिनॉलॉजीच्या एन्क्रिप्ट केलेल्या शेअर्ड फोल्डरमध्ये ही मर्यादा १४३ वर येते, म्हणजे जेमतेम ४७ चिन्हं. साध्या फोल्डरमधला डेटा बॅकअपमधून काढून अशा फोल्डरमध्ये परत टाकायला गेलात की लांब मराठी नावांच्या फाइली तेवढ्या मागे राहतात. ॲमेझॉन एस३वर फोल्डरांच्या नावांसकट पूर्ण पत्ता १०२४ बाइटमध्ये बसावा लागतो. म्हणजे इंग्रजी नावांच्या ऑफिसात कधीच न दिसणारी एरर मराठी नावांच्या ऑफिसात दिसू शकते, आणि सपोर्टला फोन केला तर समोरच्याला ती पटकन कळतही नाही.

वनड्राइव्हचे नखरे वेगळे. नावात प्रश्नचिन्ह, तारांकन, विसर्गासारखं दिसणारं कोलन, कोनी कंस, अवतरणचिन्ह चालत नाही, नावाच्या शेवटी मोकळी जागाही चालत नाही. मॅकवर 'अल्बम फायनल?' असं नाव देता येतं, वनड्राइव्हला ते नको असतं. फाइली जशाच्या तशा पाठवणाऱ्या सिंकमध्ये हा त्रास जास्त होतो. हायपर बॅकअपसारखी सॉफ्टवेअर डेटाचे स्वतःचे गठ्ठे बांधून पाठवतात, त्यामुळे तिथे क्लाउडवरच्या नावांचा प्रश्न सहसा येत नाही.

त्याच कुळातली एक किरकोळ अडचण म्हणजे उघड्या फाइली. रात्रभर कुणाच्या तरी कॉम्प्युटरवर हिशोबाचं सॉफ्टवेअर उघडं राहिलं तर त्याची डेटा फाइल बॅकअपमध्ये येत नाही, किंवा अर्धवट येते. नॅसमध्ये स्नॅपशॉटची सोय असेल तर ती चालू करा, नसेल तर जाताना सॉफ्टवेअर बंद करा.

डबाच म्हातारा झालाय

क्लाउडचे सर्व्हर नवे होत राहतात, जुन्या नॅसचं सॉफ्टवेअर नाही. ३० सप्टेंबर २०२१ रोजी 'लेट्स एन्क्रिप्ट' या मोफत सुरक्षा प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेशी जोडलेलं एक जुनं मूळ प्रमाणपत्र मुदतबाह्य झालं आणि अपडेट न मिळालेली अनेक जुनी उपकरणं त्या दिवसापासून सुरक्षित जोडणी करू शकेनाशी झाली. काहीच न बदलता एका ठरावीक दिवशी बॅकअप बंद पडला आणि एररमध्ये 'सर्टिफिकेट' किंवा 'एसएसएल' असा शब्द असेल, तर आधी घड्याळ बघा, मग नॅसचं अपडेट. कंपनीने अपडेट देणंच बंद केलं असेल तर तो डबा इंटरनेटवर ठेवू नये. प्रमाणपत्र तपासणी बंद करण्याचा पर्याय काही ठिकाणी दिसतो. तो वापरू नका.

ईमेल आलाच नाही तर?

आतापर्यंत आपण एरर दिसली असं धरून चाललो. ३१ जानेवारी २०१७ची गोष्ट बघा. प्रोग्रामरांचं काम साठवणाऱ्या गिटलॅब या कंपनीतल्या एका इंजिनीअरकडून रात्री उशिरा चुकून मुख्य डेटाबेसच पुसला गेला. हरकत नाही, बॅकअप होता. रोज ॲमेझॉन एस३वर जात होता. उघडून बघितलं तर तिथे काहीच नव्हतं. बॅकअप घेणारा प्रोग्राम डेटाबेसच्या ९.६ आवृत्तीवर ९.२चं साधन चालवत होता, त्यामुळे तो दर वेळी फेल होत होता. फेल झाल्याचे ईमेलही जात होते. पण त्या ईमेलवर योग्य सही नसल्याने समोरचा मेल सर्व्हर ते परत लावत होता, आणि कुणाला पत्ताच नव्हता.

योगायोगाने कुणीतरी सहा तास आधी दुसऱ्याच कामासाठी एक प्रत काढून ठेवली होती, तिच्यावर निभावलं. तरी मधल्या वेळचे सुमारे ५,००० प्रोजेक्ट, ५,००० प्रतिक्रिया आणि ७०० नवीन अकाउंट गेले. कंपनीने हे सगळं नंतर स्वतःहून जाहीरपणे लिहिलं.

तुमच्या नॅसचा ईमेलही असाच मुका झालेला असू शकतो. नोटिफिकेशनच्या सेटिंगमध्ये 'टेस्ट ईमेल' बटण असतं, ते आज दाबा आणि स्पॅमही बघा. फक्त फेल झाल्यावर नव्हे, यशस्वी झाल्यावरही ईमेल यायची सोय करा, निदान आठवड्यातून एकदा. फक्त वाईट बातमी कळवणारा माणूस गप्प असेल तर सगळं बरं आहे की तोच आजारी आहे, ते सांगता येत नाही.

हा लेख लिहिताना मी घरच्या नॅसचा लॉग उघडला. सगळीकडे हिरव्या खुणा. मग टास्कमध्ये कोणते फोल्डर निवडलेत ते बघितलं. आईच्या जुन्या फोटोंचं स्कॅनिंग मी चार महिन्यांपूर्वी एका नवीन फोल्डरमध्ये सुरू केलं होतं, आणि त्या फोल्डरवर खूणच केलेली नव्हती. बॅकअप रोज यशस्वी होत होता, फक्त ते फोटो सोडून. यात एरर येण्याचा प्रश्नच नव्हता, चूक माझी होती.

परत आणून बघा

त्यामुळे दुरुस्ती झाली की हिरव्या खुणेवर थांबू नका. एक जुना फोल्डर निवडा, शक्यतो मोठ्या व्हिडिओचा आणि मराठी नावांचा, आणि तो क्लाउडवरून नॅसवर नाही तर एखाद्या लॅपटॉपवर परत आणा. फाइली उघडून बघा. किती वेळ लागला ते लिहून ठेवा. एस३च्या सर्वांत स्वस्त 'डीप आर्काइव्ह' प्रकारात ठेवलेली फाइल हातात यायला नेहमीच्या पद्धतीने १२ तासांपर्यंत आणि स्वस्त पद्धतीने ४८ तासांपर्यंत थांबावं लागू शकतं, शिवाय बाहेर काढायचे पैसे वेगळे. उद्या गिऱ्हाईक दारात उभं असताना हे कळण्यापेक्षा आज कळलेलं बरं.

बॅकअप एन्क्रिप्ट केलेला असेल तर परत आणताना पासवर्ड किंवा किल्लीची फाइल मागितली जाईल. ती शोधा. बऱ्याच जणांकडे ती फाइल त्याच नॅसवरच्या एका फोल्डरमध्ये ठेवलेली असते. डबा गेला तर किल्लीही त्याच्यासोबत जाते आणि क्लाउडवरचे चार टीबी कुणालाही, अगदी क्लाउड कंपनीलाही, उघडता येत नाहीत. एक प्रत पेन ड्राइव्हवर घेऊन घरच्या कपाटात ठेवा आणि पासवर्ड कागदावर लिहून तिच्यासोबत.